थ्रीडी स्लाइड-शोमध्ये माणसामागं त्याचाच डबल दिसतो: कारणं आणि इलाज

"काहून हो भाऊ, नवरीच्या मागं अजून एक नवरी दिसून राह्यली?"

लग्नाचा स्लाइड-शो थ्रीडी करून दिला की ही तक्रार कधी ना कधी येतेच. फोटोतला माणूस जरासा सरकतो आणि त्याच्या कानामागून, खांद्यामागून त्याचीच दुसरी कड डोकावते. कोणी तिला डबल म्हणतं, कोणी भूत. लग्नात हसण्यावारी जातं. तेरवीच्या कार्यक्रमात आजोबांच्या फोटोमागं हे दिसलं तर काय बोलावं तेच कळत नाही.

सॉफ्टवेअर बदलून हा रोग जात नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये होतो, दाविंची रिझॉल्व्हच्या फ्यूजनमध्ये होतो, फुकटच्या ब्लेंडरमध्येही होतो. कारण गोम सॉफ्टवेअरमध्ये नाही, कामाच्या क्रमात आहे. बहुतेक जण आधी माणूस कापतात, मग मागचं भोक अंदाजानं बुजवतात, आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा फिरवतात किंवा विकत घेतलेल्या टेम्प्लेटमध्ये फोटो टाकून मोकळे होतात. कॅमेरा किती फिरणार हे बुजवताना माहीतच नसतं. म्हणून एका फोटोत निभतं, पुढच्यात फसतं.

आधी हे होतं कसं ते बघू. यष्टीच्या खिडकीशी बसा. बांधावरच्या बाभळी भराभर मागं पळतात, मधली पऱ्हाटी सावकाश सरकते, आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. वेगातल्या या फरकावरून डोळा अंतर ओळखतो. साध्या फोटोत तो फरक नसतो, म्हणून आपण तो खोटा तयार करतो: माणूस एका लेअरवर म्हणजे थरावर, मागचं घर दुसऱ्यावर, आभाळ तिसऱ्यावर, आणि समोरून कॅमेरा सरकवायचा. पण माणूस कापून वेगळा केला तरी खालच्या मूळ फोटोत तो तसाच छापलेला असतो. वरचा सरकला की खालचा उघडा पडतो. तोच आपला डबल.

आधी कॅमेऱ्याचा हिशोब

कागदावर पाच मिनिटांचं काम आहे. १९२० बाय १०८० ची कॉम्पोझिशन, म्हणजे कामाची फ्रेम, आणि ५० मिमीचा कॅमेरा घेतला तर आफ्टर इफेक्ट्स कॅमेरा चित्रापासून २६६७ पिक्सेलवर ठेवतं. माणसाचा लेअर शून्य खोलीवर राहू द्या, पार्श्वभूमी १३३३ नं मागं ढकला. ती आता कॅमेऱ्यापासून ४००० वर गेली, म्हणजे दीडपट लांब. म्हणून तिचा स्केल, म्हणजे आकार, १५० टक्के करायचा, नाहीतर ती आकसून दिसते आणि चारी कडांना काळं पडतं.

आता कॅमेरा १०० पिक्सेल आडवा सरकवा. पडद्यावर माणूस १०० सरकला, पार्श्वभूमी ६७. फरक ३३ चा. बस्स, तेवढीच पट्टी उघडी पडते. कॅमेरा उजवीकडं गेला तर माणसाच्या उजव्या बाजूला, डावीकडं गेला तर डाव्या. कॅमेरा मधोमध धरून पन्नास इकडं, पन्नास तिकडं फिरवला तर दोन्ही बाजूंना साधारण १७-१७.

म्हणजे नवरीच्या मागचा अख्खा मांडव नव्यानं रंगवायची काहीच गरज नाही. कडेपासून आत ५०-६० पिक्सेलची पट्टी नीट बुजली की काम झालं. तिच्या पोटामागं काय आहे ते कोणाला दिसणार आहे? ज्यांना सगळंच बुजवत बसायची सवय आहे त्यांचा निम्मा वेळ इथंच जातो, आणि तरीही कानापाशी चार पिक्सेल राहून जातात, कारण लक्ष सगळीकडं वाटलं गेलं.

कडेलाही तोच हिशोब. पार्श्वभूमी ६७ सरकली तर फ्रेमच्या एका बाजूला तेवढं काळं उघडं पडणार. त्यासाठी मूळ फोटोच २१०० पिक्सेल रुंद घ्या, दोन्ही बाजूंना ९०-९० ची जागा मिळते. नुसत्या पार्श्वभूमीचा स्केल वाढवून हे झाकायला गेलात तर माणूस आणि त्याची मागची जागा जुळत नाही, आणि डबल नव्या जागी निघतो.

कॅमेरा लेअरला जुमानतच नसेल, सगळं चित्र सपाट राहत असेल, तर त्या लेअरचं थ्रीडीचं बटण बंद आहे. टाइमलाइनमधला तो छोटा चौकोनी ठोकळा. यावर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

कॅमेरा पुढं नेला तरी एकाच बाजूला डबल येतो

ही तक्रार जास्त गोंधळात टाकते, कारण आडवी हालचाल नसतानाही होते. वरच्याच मांडणीत कॅमेरा ४०० पुढं न्या. माणूस १.१८ पट मोठा होतो, पार्श्वभूमी १.११ पट. माणूस जास्त वाढला म्हणजे त्यानं आपलं भोक झाकायला हवं. झाकतोही, पण तो फ्रेमच्या मधोमध उभा असेल तरच. सगळं चित्र मध्यबिंदूपासून बाहेर पसरत असतं. माणूस उजवीकडं उभा असेल तर त्याची मध्याकडची कडही बाहेर पळते, आणि भोकाच्या कडेपेक्षा जोरात पळते. म्हणून त्याच बाजूला, म्हणजे मध्याकडच्या बाजूला, डबल उघडा पडतो.

इलाज दोन. एक, कापण्याआधीच फोटो असा क्रॉप करा की मुख्य माणूस मधोमध येईल. दोन, ते जमत नसेल तर मध्याकडची कडच जास्त रुंद बुजवा. वधूवर शेजारी-शेजारी असतील आणि दोघं वेगवेगळ्या लेअरवर असतील तर दोघांच्या मधल्या फटीत हेच होतं. दोघांना एकाच लेअरवर ठेवा, मोकळे व्हा.

कॅमेरा मागं नेणं मात्र टाळाच. जुळलेल्या जागेवरून मागं निघालं की पार्श्वभूमीपेक्षा माणूस जास्त आकसतो आणि चारी बाजूंनी भोक उघडं पडतं. मागं येतानाचा शॉट हवाच असेल तर शेवटच्या फ्रेमला सगळं जुळेल अशी मांडणी करा आणि सुरुवात जवळून घ्या.

बुजवलेल्या जागेत पुन्हा माणसाचेच तुकडे येतात

फोटोशॉपमध्ये कंटेंट-अवेअर फिल २०१० च्या सीएस ५ पासून आहे. गिम्प वापरणाऱ्यांसाठी रिसिंथेसायझर प्लगइन आहे. दोघंही आजूबाजूचं चित्र उचलून भोकात भरतात. निवड माणसाच्या कडेला चिकटून असेल तर आजूबाजूला उरतात त्याच्याच केसांचे, साडीच्या काठाचे चार-दोन पिक्सेल, आणि तेच पसरवले जातात. म्हणून माणसाची निवड आधी १०-१५ पिक्सेल बाहेर फुगवायची आणि मग भरायची. भिंतीवर पडलेली सावलीही निवडीत घ्या, नाहीतर माणूस सरकतो आणि सावली मागं उभी राहते.

हल्ली नवं चित्र रचून देणारी साधनं आली आहेत. आपल्याला हवी ती बोटभर पट्टी. तिच्यासाठी ती वापरली तर एखादं नसलेलं झाड, नसलेला पाहुणा आणून बसवतात. मला जुनं फिल आणि क्लोन स्टॅम्पच बरं वाटतं.

आता एक फोटो जवळून बघू. पोळ्याचा. आजोबा पुढं, मागं जोडी, अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घागरमाळा, त्यामागं कवेलूचं घर. मोह होतो की आजोबा एक लेअर, बैल दुसरा, घर तिसरा. पण आजोबांच्या हातातला कासरा बैलाच्या वेसणीपर्यंत गेलेला आहे. आजोबा आणि बैल वेगवेगळ्या वेगानं सरकले की कासरा मध्येच तुटतो. तो आजोबांसोबत ठेवला तर वेसणीपाशी सुटतो, बैलासोबत ठेवला तर मुठीतून निसटतो. आफ्टर इफेक्ट्समधल्या पपेट पिननं टोकं धरून ताणता येतो, पण त्या कामाचे पैसे कोणी देत नाही. आजोबा आणि जोडी एकाच लेअरवर, घर आणि आभाळ वेगळं. खोली तेवढीच छान दिसते. नियम असा: दोन वस्तूंना जोडणारं काही असेल, दोर, हातात हात, उपरण्याची गाठ, तर त्या दोन वस्तू एकत्रच ठेवायच्या.

आणि मधल्या फटी विसरू नका. दोन शिंगांमधली, कमरेवर ठेवलेल्या हाताच्या कोपरातली, सायकलच्या किंवा बंडीच्या चाकातल्या आऱ्यांमधली. तिथं मागच्या भिंतीचा तुकडा माणसाच्या लेअरवर राहून जातो आणि त्याच्यासोबत फिरतो. चाकाचे सगळे आरे कापण्यात शहाणपण नाही; अशा फोटोत चाक भिंतीच्याच लेअरवर सोडलेलं बरं.

कडेला पांढरी किंवा हिरवी रेघ

डबल गेला तरी माणूस चिकटवल्यासारखा दिसतो तो या रेघेमुळं. मांडवाचं कापड, लॉनचा हिरवा रंग केसांच्या कडेला मिसळलेला असतो. मास्क, म्हणजे कापलेली कड, १ पिक्सेल आत घ्या, अर्ध्या ते १ पिक्सेलचा फेदर देऊन ती मऊ करा, आणि फोटोशॉपच्या सिलेक्ट अँड मास्कमध्ये कडेचा रंग काढून टाकण्याची खूण चालू करा. मुंडावळ्यांच्या बारीक लड्या आणि कपाळावर उडणारे केस ओढूनताणून कापू नका. कापलेले केस टोपासारखे दिसतात. मागं साधं आभाळ किंवा एकरंगी पडदा असेल तर केसांभोवती थोडी पार्श्वभूमी राहू देऊन मऊ कड ठेवली तर नजरेला कळतही नाही.

पीएनजी आणल्यावर सगळीकडं एकसारखी काळी वा पांढरी रेघ दिसली तर मास्कला हात लावू नका. फाइलच्या अल्फाचा, म्हणजे पारदर्शकपणाच्या माहितीचा, अर्थ चुकीचा लागला आहे. इंटरप्रिट फुटेजमध्ये जाऊन स्ट्रेट आणि प्रीमल्टिप्लाइड यातलं दुसरं निवडा.

पाय जमिनीवर घसरतात

उभ्या माणसाचा पूर्ण फोटो असेल तर पाय बर्फावरून चालल्यासारखे घसरतात, कारण पाय एका खोलीवर आणि त्याखालची जमीन दुसऱ्या. सगळ्यात सोपं म्हणजे गुडघ्याच्या वर कापलेला फोटो निवडणं. तसा नसेल तर जमीन वेगळी काढा, तो लेअर थ्रीडीत आडवा पाडा आणि बरोबर पायांपाशी माणसाच्या लेअरला टेकवा. जमिनीचा पुढचा भाग जवळ येतो, मागचा लांब जातो, पाय जागेवर राहतात. तासाभराचं काम आहे, पण शेतातल्या सरींमध्ये उभ्या शेतकऱ्याचा फोटो असेल तर कराच. त्या सरी ज्या काही उघडतात, त्याला तोड नाही.

आपोआप थ्रीडी करणारं ॲप वापरलं तर चेहरा रबरासारखा ताणतो

ही ॲपं कापत नाहीत. फोटोवरून एक करडा नकाशा बनवतात, बहुतेक ठिकाणी जवळचं पांढरं आणि लांबचं काळं, आणि त्यानुसार पिक्सेल ढकलतात. मागं काही भरलेलंच नसल्यामुळं डबल येत नाही, पण कड ताणली जाते. इलाज असा: नकाशातला पांढरा भाग दोन-तीन पिक्सेल बाहेर वाढवा, कडेला किंचित ब्लर द्या आणि हालचाल निम्मी करा. गालावर पायऱ्या पडल्यासारख्या दिसत असतील तर नकाशा ८ बिटचा आहे, त्यात छटा फक्त २५६. १६ बिटमध्ये काढा.

स्टेजमागच्या फ्लेक्सवर नेत्याचा किंवा वधूवरांचा मोठा फोटो असेल तर नकाशा तपासूनच घ्या. यंत्राला बरेचदा तो छापील चेहरा खराच वाटतो आणि फ्लेक्समधून नाक बाहेर येतं. ब्रशनं त्या भागात सपाट करडा रंग भरला की नाक आत जातं.

काठ चमचमतात, हालचाल अडखळते

पैठणीचा काठ, बारीक चौकडीचा शर्ट, कवेलूच्या ओळी. कॅमेरा हळू सरकला की हे सगळं मुंग्या चालल्यासारखं वळवळतं. सहा हजार पिक्सेलचा फोटो ३२ टक्क्यांवर आणून वापरला की हे हमखास होतं. आधी फोटोशॉपमध्ये लागतो तेवढाच, म्हणजे २१००-२४०० चा करून आणा, काठावर अर्ध्या पिक्सेलचा ब्लर द्या आणि मोशन ब्लर चालू ठेवा.

अडखळण्याचं कारण वेगळं. आपण सवयीनं २५ फ्रेमचं काढतो. लॅपटॉप आणि एलईडी वॉलचा, म्हणजे कार्यक्रमातल्या मोठ्या पडद्याचा, कंट्रोलर बहुतेक ६० हर्ट्झवर चालतात. साठाला पंचवीसनं भाग जात नाही. काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा, आणि सावकाश हालचालीत ते लगेच जाणवतं. एलईडी वॉलसाठी ३० फ्रेमचं काढा. फुकटचा इलाज आहे, तरी करणारे थोडे.

वॉलवाल्याला आधी फूट नका विचारू, पिक्सेल विचारा. १२ बाय ८ फुटांची पी-३ वॉल (दोन पिक्सेलमध्ये ३ मिमी अंतर) म्हणजे साधारण १२१९ बाय ८१३ पिक्सेल. पी-४ असेल तर ९१४ बाय ६१०. तुमची १९२० ची नाजूक हालचाल तिथं विरून जाते आणि थ्रीडी दिसतच नाही. अशा वॉलसाठी हालचाल दीडपट करा, त्याबरोबर बुजवायची पट्टीही दीडपट. आकारही १६:९ नाही, ३:२ आहे. ऑपरेटरनं ताणून बसवलं तर सगळे वऱ्हाडी उंच आणि सडपातळ होतात. कोणाची तक्रार येत नाही म्हणा, पण ते योग्य नाही.

फोटोच लहान असेल तर

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा येतो. आपल्याला २१०० हवेत. घरच्यांना सांगा, "डॉक्युमेंट म्हणून पाठवा." जुने फोटो मोबाइलनं फ्रेमच्या काचेवरून काढून पाठवतात, त्यात पंखा आणि ट्यूबलाइट दोन्ही येतात, मूळ प्रतच मागवा. ४ बाय ६ चा प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर २४०० बाय ३६०० मिळतो, भरपूर झाला. पासपोर्ट फोटोला १२०० लागतं.

जुन्या प्रिंटवर रेशमी, खडबडीत पोत असतो. स्कॅनमध्ये त्याचे ठिपके उठतात आणि हालचालीत डोळ्यांना झोंबतात. तोच प्रिंट १८० अंश फिरवून पुन्हा स्कॅन करा, दोन्ही प्रती एकमेकींवर जुळवा आणि वरची ५० टक्के पारदर्शक ठेवा. स्कॅनरचा उजेड एकाच बाजूनं येतो, म्हणून फिरवल्यावर पोताच्या सावल्या उलट पडतात आणि दोन्ही मिळून बऱ्याच पुसल्या जातात.

लाल-निळ्या चष्म्याचं थ्रीडी मागितलं तर

ते अगदी वेगळं प्रकरण आहे, आणि त्यातला डबल हा दोष नसून रचनाच आहे. डोळ्यांमधलं सरासरी ६३-६५ मिमी अंतर धरून दोन फोटो घेतात. १८३८ साली इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टननं दोन चित्रांतून खोली दिसते हे मांडलं, त्याच तत्त्वावर. डाव्या डोळ्याला लाल, उजव्याला निळसर काच. चष्मा लावूनही डबल राहत असेल तर तीन गोष्टी बघा. दोन फोटोंतलं अंतर जवळच्या वस्तूच्या अंतराच्या तिसाव्या भागाहून जास्त आहे का: वस्तू ३ मीटरवर असेल तर १० सेंटीमीटर पुरे. दोन्ही फोटोंची उंची नेमकी जुळते का. आणि जेपेग साठवताना रंगाची बचत चालू आहे का, कारण ती लाल आणि निळं एकमेकांत मिसळते, पीएनजीत साठवा.

राजेहो, लग्नाला मात्र हे देऊ नका. लाल शालू एका डोळ्याला लख्ख आणि दुसऱ्याला काळा दिसतो, आणि बघणाऱ्याचं डोकं दुखतं. द्यायचंच असेल तर आधी करड्या रंगात करा. हा प्रकार खुलतो तो लोणारच्या कडेवर. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, तिथं ६५ मिमीनं काहीच खोली येत नाही. फ्रेममधलं सगळ्यात जवळचं झाड ३०० मीटरवर असेल तर दुसरा फोटो १० मीटर बाजूला चालत जाऊन घ्यायचा. पुढ्यातलं झुडूप फ्रेममध्ये येऊ द्यायचं नाही आणि दोन्ही फोटो झटपट काढायचे, म्हणजे ढगांच्या सावल्या मधल्या वेळात हलत नाहीत.